सतरा नंबरवर कोण बोलतंय

सोमवार, ४ मार्च

आजपासून दैनंदिनी लिहायचं ठरवलं आहे. ठरवलं म्हणजे आईंनी ठरवलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. ही, म्हणजे त्यांची लेक, गेल्याला पाच वर्षं झाली, तरी आम्ही दोघं त्याच घरात आहोत. जावयाकडे सासू राहते की सासूकडे जावई, हे आता आम्हालाही सांगता येणार नाही. रोज संध्याकाळी मी त्यांना दिवसभराचं सांगत बसतो. काल त्यांनी कपाटातून एक कोरी वही काढून दिली. म्हणाल्या, "निम्मं मला कळत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही दोनदा सांगता. लिहीत जा." छत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, त्यामुळे समासही आखून दिला आहे.

तर, नोकरीचा पहिला दिवस. जुनी कंपनी बंद पडल्यावर आठ महिने घरी होतो. सत्तावन्नाव्या वर्षी प्रोग्रामरला कोण विचारतो? पण पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूमला जुना प्रोग्राम बदलून हवा होता आणि तो प्रोग्राम ज्या काळातला आहे, त्या काळातला मीही आहे. तीन महिन्यांचं काम आहे.

दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. एका भिंतीवर सगळ्या शहराचा नकाशा आणि त्यावर एकतीस दिवे, म्हणजे एकोणीस टाक्या आणि बारा पंपघरं. समोर पॅनेल. पॅनेलवर एक बाई, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला, हातात पेन्सिल. सगळे त्यांना पॅनेलबाई म्हणतात. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "तुम्हीच का नवीन प्रोग्रामवाले? त्या खुर्चीचं चाक मोडलंय. डावीकडे कलू नका."

मी डावीकडे कललो.

घरी आल्यावर आईंना सांगितलं. त्यांनी खुर्चीबद्दल एक प्रश्न विचारला आणि बाईंबद्दल सहा. कोण, कुठल्या, घरी कोण असतं वगैरे. मला एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. "दिवसभर काय केलंत मग?" म्हणाल्या.

गुरुवार, ७ मार्च

जुना प्रोग्राम वाचून काढला. हजेरी घेतल्यासारखा तो एकेका ठाण्याला, म्हणजे टाकीला किंवा पंपघराला, विचारत जातो. एक नंबर, काही सांगायचंय? दोन नंबर, काही सांगायचंय? मध्ये एखाद्याची लाइन गेली, की उत्तराची वाट बघत चाळीस सेकंद तिथेच उभा. तोवर बाकीचे तीस ओरडले तरी याला ऐकू येत नाही.

माझ्या प्रोग्रामचं तत्त्व साधं आहे. ठाण्याशी जोडणी झाली, की कॉम्प्युटर तिला एक नंबर देतो. आमच्या धंद्यात त्याला फाइल डिस्क्रिप्टर असं भारदस्त नाव आहे, पण असतो तो टोकन नंबरच. सगळे नंबर एका यादीत लिहून मी कॉम्प्युटरला सांगतो, यांच्यावर नजर ठेव, कुणाकडे वाचण्यासारखं काही आलं तर मला उठव, तोवर मी पडतो. उठायचं, ज्याचा नंबर त्याचं ऐकायचं, पडद्यावर मांडायचं, पुन्हा पडायचं. एवढंच चक्र.

हे बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आणि उठवलंच नाही कुणी तर?"

"तर कुणाला काही सांगायचं नाहीये, असं समजायचं."

"किंवा कुणी सांगायच्या अवस्थेत नाहीये, असं," त्या म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक करू लागल्या.

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. प्रत्येक ठाण्याने दर मिनिटाला निदान "मी आहे" एवढं तरी म्हणायला हवं. लिहून ठेवलं.

चहाचं मशीन जिन्याजवळ आहे. बाई दोन कप घेऊन आल्या. म्हणाल्या, ते मशीन असं आहे की एक कप मागितला तर पाणीच येतं, दोन मागितले तरच चहा नीट येतो. विचित्र मशीन आहे.

बुधवार, १३ मार्च

दोन दिवस वैतागलो होतो. प्रोग्राम नीट चालायचा, पण कॉम्प्युटरचा पंखा असा घोंघावायचा की बाईंना फोन ऐकू येईना. काहीच काम नसताना कॉम्प्युटर एवढा तापतो कशाने? शेवटी सापडलं. ठाण्याकडून काही वाचायला आलंय का, हे विचारायचं तर होतंच. पण ठाण्याला काही लिहून पाठवायला जागा आहे का, हेही मी कायम विचारून ठेवलं होतं. जागा तर नेहमीच असते! त्यामुळे कॉम्प्युटर मला क्षणाक्षणाला उठवत होता, आहे जागा, आहे जागा, आहे जागा. मला पाठवायचं काहीच नव्हतं.

बाई खळखळून हसल्या. "आमच्या शेजारीणबाई तशाच. काही लागलं तर सांगा, हे सांगायला दिवसातून दहादा दार वाजवतात."

आता पाठवायचं असेल तेव्हाच विचारतो. पंखा गप्प झाला.

डब्यात आज पुन्हा मीठ नव्हतं. आईंना हल्ली चव लागत नाही आणि मी कधी बोललो नाही. बाईंनी माझा चेहरा बघून कागदाची पुडी पुढे केली. घरी सहज बोललो, तर मला वाटलं आई रागावतील. उलट त्या एकदम खूश झाल्या. "पुडी तिच्याकडे आधीपासून होती, की तुमच्यासाठी आणली?" आता हे मला कसं कळणार?

शनिवार, १६ मार्च

आईंनी माझे तीन शर्ट बाद केले. कॉलर विरलीय म्हणे. गेली चार वर्षं तीच कॉलर होती. वयाबरोबर माणूस बारीकसारीक गोष्टींत जास्त लक्ष घालू लागतो.

मंगळवार, १९ मार्च

कालपासून दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी चालू आहेत. नवीन प्रोग्राम एका ठाण्याचंही बोलणं चुकवत नाही. बाईंनी सगळी ठाणी मला ओळखवून दिली. त्यांच्या लेखी त्या टाक्या नाहीत, माणसंच आहेत. टेकडी आळशी, नऊनंतर मुंगीच्या पावलांनी चढते. बाजार उतावळा. जुना पंप म्हातारा असून बढाईखोर, आहे त्यापेक्षा जास्त दाब सांगतो. दवाखाना सकाळी दहाला धुलाई सुरू झाली की धाडकन उतरतो. "त्याला बघून घाबरायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं," म्हणाल्या. बावीस वर्षं त्या इथे आहेत. दोन भावांचं शिक्षण, लग्नं, सगळं याच खुर्चीवर बसून केलं. स्वतःचं राहून गेलं असं त्या म्हणाल्या नाहीत, पण राहिलेलं दिसतं.

(हे आईंना सांगितलं. इतके दिवस विचारत होत्या, आता उत्तर मिळालं तर उठून गेल्या. बराच वेळ हिच्या फोटोवरची धूळ पुसत होत्या. फोटोवर धूळ नव्हती.)

आज बाई रजेवर. मी मशीनमधून एकच कप घेतला. चहा व्यवस्थित आला. मशीन दुरुस्त केलेलं दिसतं.

गुरुवार, २१ मार्च

मोठे साहेब येऊन पाठ थोपटून गेले. मोठे साहेब म्हणजे मुख्य अभियंता. वाईट माणूस नाही, घाईत असलेला माणूस आहे. जाता जाता म्हणाले, "हे चालू झालं की पॅनेलवर माणूस बसवून ठेवायची गरजच नाही. बाईंना गोदामात मीटर तपासायला घेऊ."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी प्रोग्राम बदलायला आलो होतो, बाईंना उठवायला नाही. दुपारभर काम सुचलं नाही. त्यांना सांगावं की नको? चार वेळा तोंड उघडलं आणि चार वेळा पाणी प्यायलो.

शेवटी त्याच म्हणाल्या, "गोदामाचं ना? मला माहितीय ते. महिनाभर झाला."

"मला खरंच माहीत नव्हतं हो."

"तेही माहितीय." मग वहीत नोंद करता करता, "नाहीतर तुम्हाला खुर्चीचं चाक बसवून दिलं असतं का मी?"

चाक बसवलेलं आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. किती दिवसांपूर्वी बसवलं, देव जाणे.

रविवार, २४ मार्च

आज घरात वेगळंच घडलं. आई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात त्या धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार. किती दिवस? "बघू." गुडघ्यांसाठी तिथले डॉक्टर चांगले आहेत म्हणे. इथल्या डॉक्टरांनी गुडघ्यांचं काय वाईट केलं?

मी सरळ विचारलं, "आई, माझं काही चुकलं का?"

"चुकलं असतं तर थांबले असते," म्हणाल्या. "सुधारायला."

मला काहीही कळलं नाही. ही गेली तेव्हा नातेवाईक त्यांना न्यायला आले होते, तर यांनी दारातूनच सांगितलं होतं, आमचं आम्ही बघू. त्या "आमचं"वर मी पाच वर्षं काढली. आता काय झालं? मिठाचं बोललो ते लागलं असेल का?

बुधवार, २७ मार्च

आज घडलं ते क्रमाने लिहितो.

सकाळी आठला जुना प्रोग्राम पहिल्यांदा बंद केला. आता सगळा भार माझ्या प्रोग्रामवर. टाकी भरली की पंप बंद, उतरली की चालू, हेही तोच करतो. आठ वाजून दहा मिनिटांनी दिवे एकदा लुकलुकले. दोनतीन ठाण्यांच्या लाइनी क्षणभर गेल्या आणि परत आल्या. माझा प्रोग्राम डगमगला नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

सव्वादहाला बाई म्हणाल्या, "हा दवाखाना नाही."

पडद्यावर दवाखान्याची टाकी ब्याऐंशी टक्के. मी म्हणालो, "लिहिलंय की दवाखाना."

"लिहिलं असेल. चाल टेकडीची आहे. दहा वाजून गेले, धुलाई सुरू झाली, आणि हा उतरायचा सोडून मुंगीसारखा चढतोय? आणि तिकडे टेकडी बघा, चढायची सोडून दहापासून धाडकन उतरतेय."

मी वाद घातला. माझ्या यादीबद्दल, नंबरांबद्दल, "मी आहे" म्हणण्याबद्दल बोललो. ठाणं गप्प असतं तर लाल दिवा लागला असता, हेही सांगितलं. चार मिनिटं बोललो. घड्याळ समोर होतं म्हणून माहीत आहे. त्या तोवर फोन फिरवत होत्या. दवाखान्याच्या टाकीवरचा पहारेकरी आला लाइनवर.

"दादा, वर चढा आणि डोळ्यांनी बघून सांगा."

"बाई, गुडघा दुखतोय."

"दादा, चढा."

दोन मिनिटं गेली. मग फोनमधून आवाज मलासुद्धा ऐकू आला. "बाई, तळ दिसतोय की हो!"

टाकी भरलेली समजून माझ्या प्रोग्रामने दवाखान्याचा पंप सकाळीच बंद केला होता.

त्यानंतर बाईंनी जे केलं ते मी फक्त बघत उभा राहिलो. हाताने पंप चालू. बाजाराच्या लाइनचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून तिकडचं पाणी वळवलं. दवाखान्याला फोन, "धुलाई थांबवा, ऑपरेशनचं चालू ठेवा, पाऊण तास काटकसर करा." एकदाही आवाज चढला नाही. अकरा वाजता पहारेकऱ्याने कमरेएवढं पाणी आल्याचं सांगितलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं असतं.

मी जुना प्रोग्राम पुन्हा चालू केला. बाईंनी दोन कप चहा आणला. "प्या," म्हणाल्या. "अहो, प्या. चूक सापडेल." मशीन दुरुस्त झालंय, आता दोन आणायची गरज नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

गुरुवार, २८ मार्च

दिवसभर शोधलं, सापडली नाही. नंबर बरोबर, यादी बरोबर. संध्याकाळी जेवताना आईंना सांगत होतो. म्हणजे खरं तर ताटालाच सांगत होतो.

"नंबर सतरा दवाखान्याचा. सतरावर नजर होती. सतरावरून बोलणंही येत होतं."

आईंनी विचारलं, "दवाखान्याची लाइन मध्ये गेली होती ना? मग सतरा नंबरचं काय झालं?"

"लाइन बंद केली. नंबर मोकळा झाला."

"आणि मोकळा झालेला नंबर?"

"पुढे जो जोडला जाईल त्याला मिळतो. सगळ्यात लहान मोकळा नंबर आधी..."

"अहो, आमच्या शाळेत असंच झालं होतं एकदा," त्या म्हणाल्या. "सतरा नंबरचा एक मुलगा मध्येच शाळा सोडून गेला. मी हजेरीतून त्याचं नाव काढलं नव्हतं. आठवड्याने नवीन मुलगी आली, कारकुनाने तिला तोच नंबर दिला. महिनाभर ती हजर म्हणायची आणि मी त्याच्या नावापुढे खूण करायचे. तो गेलाय हे मला माहीत होतं, तरी हात तिथेच जायचा."

मी जेवण सोडून उठलो. तेच होतं. तंतोतंत तेच! दवाखान्याची लाइन तुटल्यावर मी जोडणी बंद केली, पण नजर ठेवायच्या यादीतून त्याचं नाव काढलं नाही. त्याच क्षणी टेकडीही तुटली होती. ती आधी परत आली आणि तिला मिळाला सतरा. प्रोग्रामने बघितलं, सतरा यादीत आहेच की, दवाखाना. नवीन नोंद कशाला? मागून आलेल्या दवाखान्याला टेकडीचा जुना नंबर मिळाला. दोन तास टेकडी दवाखान्याच्या नावाने बोलत होती आणि दवाखाना टेकडीच्या. आणि दोघंही बोलत होती म्हणून लाल दिवाही लागला नाही.

"आई, तुम्ही ग्रेट आहात," मी म्हणालो.

त्या ताटाकडे बघत होत्या. "नंबर दुसऱ्या कुणाला देण्यात काही चूक नसते," म्हणाल्या. "नोंद करणाऱ्याने वेळेवर करायला हवी, एवढंच."

बरोबर आहे. आधी यादीतून नाव काढायचं, मग जोडणी बंद करायची. शिवाय प्रत्येक ठाण्याने दर वेळी स्वतःचं नाव सांगूनच बोलायचं. उद्या पहिलं काम हेच.

शुक्रवार, २९ मार्च

दुरुस्त केलं. मुद्दाम लाइनी तोडून तीसएक वेळा तपासलं. बाई शेजारी बसून तोडायला सांगत होत्या, "आता दवाखाना आणि बाजार एकदम. आता टेकडी दोनदा." त्यांना यात फार मजा येत होती.

मोठे साहेब अहवालात "किरकोळ तांत्रिक अडचण, वेळीच निवारण" असं लिहिणार होते. मला ते पटेना. मी स्वतः दोन पानी पत्र लिहिलं. चूक माझी. ती पॅनेलवरच्या बाईंनी ओळखली, मी चार मिनिटं त्यांच्याशी वाद घालण्यात घालवली. ठाण्याची चाल ओळखणारं माणूस पॅनेलवर नसेल, तर हा प्रोग्राम चालू करू नये, असंही लिहिलं. माझं काम जाईल कदाचित. आई म्हणाल्या, "जाऊ दे. दोघांचं काय, भागेल." मग जीभ चावली. पुढच्या महिन्यात दोघं कुठे आहोत!

सोमवार, १ एप्रिल

बाई रागावल्या आहेत. माझ्यावर!

पत्राची प्रत त्यांच्या टेबलावर आली. वाचून त्यांनी घडी घातली आणि दिवसभर माझ्याशी "हो" आणि "नाही" एवढंच बोलल्या. एकच कप चहा आणला, स्वतःपुरता.

मंगळवार, २ एप्रिल

न राहवून विचारलं. "मी तुमच्या बाजूनेच लिहिलं ना?"

"लिहिलंत. छान लिहिलंत. मला विचारलंत?"

मी पत्राची प्रत पुढे ओढली.

"मला पॅनेलवर ठेवा, हे मला न विचारता लिहिलंत. साहेब मला न विचारता गोदामात घालणार होते, तुम्ही न विचारता पॅनेलवर ठेवताय. मी काय टाकी आहे?"

मी क्षमा मागितली. मग विचारलं, "तुम्हाला कुठे राहायचंय?"

"पॅनेलवरच," त्या म्हणाल्या. "पण विचारायचं हो आधी."

दुपारी दोन कप आले. आज चहा जरा जास्तच गोड होता.

शनिवार, ६ एप्रिल

आईंनी कमाल केली. कंट्रोल रूमच्या नंबरवर परस्पर फोन करून बाईंना घरी बोलावलं. मला कळलं ते बाई दारात उभ्या राहिल्यावर. मी घरातल्या विरलेल्या शर्टात!

आईंनी मला लगेच बाजारात पिटाळलं. आणायला काय सांगितलं, तर सुई. घरात सुयांची अख्खी डबी आहे. तासाभराने परत आलो तर दोघी हिच्या फोटोसमोर बसलेल्या, दोघींचे डोळे ओले, आणि तरी हसत होत्या. मी विचारलं, काय चाललंय? "गुडघ्यांचं बोलतोय," आई म्हणाल्या. बायकांना गुडघ्यांवर इतकं बोलता येतं, हे मला नवीनच आहे.

जाताना बाईंनी विचारलं, "त्या फोटोत हसतायत, ते कशाला?"

मी सांगितलं, फोटो मीच काढला होता, कॅमेऱ्याचं झाकण न काढता. ती त्यावरच हसत होती, मग मी झाकण काढून पुन्हा काढला.

"मला आवडल्या असत्या," बाई म्हणाल्या.

हिलाही त्या आवडल्या असत्या. हे मी मोठ्याने म्हणालो की मनात, आता आठवत नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

साहेबांनी पत्र वर पाठवलं होतं, त्याचं उत्तर आलं. पॅनेल राहणार. बाई राहणार. मलाही वर्षभर ठेवताहेत. नवीन प्रोग्राम सकाळी आठला चालू केला आणि दिवसभर दोघं जण दवाखान्याकडे टक लावून बसलो. दहाला धाडकन उतरला. इतका आनंद मला कुणाच्या पडण्याने आजवर झाला नव्हता.

घरी आईंची बॅग भरून दाराशी. रविवारची गाडी आहे. सगळी मजा गेली.

शुक्रवार, १२ एप्रिल

आजचं नीट लिहायला हवं.

दुपारी काम शांत होतं. मी बाईंना म्हणालो, "एक सल्ला हवाय. आईंना थांबवायचं कसं? काय चुकलं तेच सांगत नाहीत."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"नाही."

"अहो, त्या जागा करून देतायत."

"कसली जागा? तीन खोल्या आहेत घरात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे न बघता, नकाशातल्या दिव्यांकडे बघत म्हणाल्या, "शनिवारी त्या मला म्हणाल्या, माझी लेक गेल्यापासून हा माणूस कुणाबद्दल एवढं बोललेला मी ऐकलं नाही. रोज संध्याकाळी पॅनेलबाई असं म्हणाल्या, पॅनेलबाई तसं म्हणाल्या. मी घरात असले तर त्याला संकोच वाटेल, तुलाही वाटेल. म्हणून मी निघते."

आठवड्याआठवड्याचं सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. ते शर्ट, ती सुई, ते चहाचं मशीन. इतका मूर्ख माणूस पगार कसला घेतो?

"मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?" कसंबसं विचारलं.

"मी म्हणाले, मला अजून कुणी विचारलेलंच नाही."

मी विचारलं. कसं विचारलं ते लिहीत नाही. वाक्य अर्ध्यावर असताना बाजाराच्या टाकीचा भोंगा वाजला. बाईंनी आधी भोंगा बंद केला, व्हॉल्व्ह बघितला, वहीत वेळ टाकून नोंद केली. मग वळून म्हणाल्या, "हो. पण एक अट आहे. मी येईन तेव्हा त्या घरात हव्यात. त्या जाणार असतील, तर मी येणार नाही. दुसऱ्या कुणाला बाहेर काढून मला जागा नकोय."

रस्त्याने मी जवळजवळ पळतच घरी आलो. आई खिडकीशी बसून बहिणीला द्यायची लोकर गुंडाळत होत्या.

"आई, बॅग उघडा. तुम्ही कुठेही जात नाही आहात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी शाळेतल्या बाईंनी पेपर तपासावा तसं. "विचारलंत?"

"विचारलं."

"हो म्हणाली?"

"हो. पण तुम्ही इथे राहिलात तरच." अट जशीच्या तशी सांगितली.

लोकरीचा गुंडा त्यांनी मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "वेडी आहे. सासूही नाही, आईही नाही, अशी कोण म्हातारी घरात ठेवून घेतं? मला हाक तरी काय मारणार ती?"

"निघताना मी तेही विचारलं. आई म्हणेन, असं बाई म्हणाल्या. तुम्हाला चालत असेल तर. आधी तुम्हाला विचारायला सांगितलंय."

आई उठल्या. पाठ करून कपाटाचं दार उघडलं, आत बघत उभ्या राहिल्या.

"चालेल," म्हणाल्या. "पाच वर्षं झाली मुलीच्या आवाजात आई ऐकून. तुम्ही म्हणता, पण तुमचा आवाज काही तसा नाही."

मी बॅग पलंगावर उपडी केली. एकेक कपडा त्यांच्या हातात देत गेलो आणि त्या लावत गेल्या. वरचा कप्पा भरला, खालचा भरला. मधला त्यांनी कोरडं फडकं फिरवून मोकळा सोडला.